रोजच्या भाकरीतील 'आम्ही'

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिच्यात 'मी' हा शब्द कोठेही नाही. नित्याच्या सवयीमुळे ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. भाकर मागायची ती 'आम्हांला', क्षमा मागायची तीही 'आम्हांला'. मध्यरात्री एकट्याने गुडघे टेकून ही प्रार्थना म्हणणाऱ्यालादेखील अनेकवचनातच बोलावे लागते. जणू प्रभूने सुचविले आहे की, भाकर ही वस्तू एकट्यासाठी मागताच येत नाही.

मराठी माणसाला हा विचार अधिक खोलवर नेता येतो, कारण आपल्या भाषेत अनेकवचनी प्रथमपुरुषासाठी दोन शब्द आहेत. 'आपण' म्हटले की ऐकणाराही त्यात सामावतो. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा वेगळा राहतो. परमेश्वरापुढे 'आम्ही' म्हणताना तो ऐकणारा परमपिता त्या शब्दाच्या बाहेर असतो, हे योग्यच आहे. पण त्याच्याखेरीज आणखी कोणाकोणाला आपण बाहेर ठेवतो? ज्याने ते धान्य पिकविले तो शेतकरी या 'आम्ही'मध्ये आहे काय? ज्या मजुराने ते कापले, ज्या हमालाने पोते उचलले, ज्या जमिनीतून ते उगवले आणि ज्या नातवंडांना उद्या त्याच जमिनीतून पिकवायचे आहे, त्यांची गणना आपण या शब्दात करतो काय? हा प्रश्न केवळ चिंतनाचा नव्हे. दररोज पिशवी घेऊन बाजारात जाताना आपण त्याचे काही ना काही उत्तर देतच असतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या आपल्या विश्वपत्रात हेच स्पष्ट केले आहे: खरेदी ही नुसती आर्थिक कृती नसून ती नेहमीच एक नैतिक कृतीही असते.

एका साध्या वस्तूचे उदाहरण घेऊ. कांदा हा गरिबाच्या भाकरीचा सोबती आणि श्रीमंताच्या रश्श्याचा आधार. महाराष्ट्र हे देशातील कांद्याचे मोठे कोठार आहे आणि नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजारात ठरणाऱ्या भावाकडे साऱ्या देशाचे लक्ष असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती गाडीभाडे, हमाली, तोलाई असे सर्व खर्च वजा जाता अवघ्या दोन रुपयांचा धनादेश पडला. ती बातमी वाचून महाराष्ट्र हळहळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात परिस्थिती उलटली. शहरांतून कांदा महागला अशी ओरड होताच केंद्र सरकारने निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ पर्यंत राहिली. भाव कोसळले तेव्हा शेतकऱ्याला वाचविण्यासाठी अशी तातडीने धाव कोणी घेतली नव्हती. भाव चढले तेव्हा मात्र एका रात्रीत आदेश निघाला. यात कोणत्याही एका पक्षाला दोष देण्याचे कारण नाही. १९९८ साली दिल्लीतील राज्य सरकार निवडणुकीत कांद्याच्या भावाने पाडले, असे सर्वांनीच मानले, आणि तेव्हापासून प्रत्येक सत्ताधाऱ्याने त्या घटनेचा धडा गिरविला आहे. हा धडा त्यांना शहरातल्या ग्राहकाने, म्हणजे आपण, दिला आहे.

वसईच्या कॅथॉलिक कुटुंबांना या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ठाऊक असायला हव्यात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाड्यांत रहाट फिरत होते. केळी, पान, भाजीपाला, फुले ही त्यांची पिके. आगाशीची सुकेळी तर दूरवर नावाजलेली. पहाटेच्या गाडीने डोक्यावर टोपली घेऊन मुंबईला जाणाऱ्या स्त्रियांनी कित्येक घरांतील मुलांची शिक्षणे केली. मुंबईच्या बाजारात माल उतरल्यावर भाव आपल्या हाती राहत नाही, दलालाची पट्टी येईल ती मुकाट्याने स्वीकारावी लागते, हे त्या पिढीने अंगावर सोसले होते. आज त्याच घरांतील बहुसंख्य मुले-मुली नोकरीस आहेत आणि पगारातून भाजी विकत घेतात. अवघ्या दोन पिढ्यांत आपण टोपलीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आलो आहोत. ही प्रगतीच आहे आणि तिच्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. मात्र बाजू बदलताच स्मरणशक्तीही बदलावी काय, हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या दलालाने ज्या रीतीने आपल्या आजीची टोपली पाडून मागितली, त्याच रीतीने आपण आज जव्हार-मोखाड्याकडून भाजी घेऊन आलेल्या आदिवासी बाईशी घासाघीस करीत असू, तर आपल्या 'आम्ही'मधून आपली आजीच बाहेर पडली असे म्हणावे लागेल.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात रास्त भावाचा विचार केला आहे. वस्तूच्या मोलापेक्षा अधिक किंमत घेऊन ती विकणे अन्यायाचे आहे, हे त्यांचे म्हणणे आपल्याला पटते, कारण त्यात दोष दुकानदाराकडे जातो. पण त्याच ठिकाणी त्यांनी दुसरेही सांगितले आहे: मोलापेक्षा कमी किंमत देऊन वस्तू विकत घेणे हेदेखील तितकेच अन्यायाचे आहे. हा उपदेश ग्राहकाला उद्देशून आहे. यावर कोणी म्हणेल, "विकणाऱ्याने राजीखुशीने दिले, आम्ही घेतले, यात अन्याय कसला?" या आक्षेपाचे उत्तर पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या 'रेरूम नोव्हारूम' या विश्वपत्रात कामगारांच्या मजुरीसंबंधी देऊन ठेवले आहे. गरजेपोटी, किंवा याहून वाईट काही ओढवेल या भयाने, एखाद्याने अपुरी मजुरी कबूल केली, तर तो करार नसून बळजबरी आहे, असा त्यांचा आशय आहे. नाशवंत माल घेऊन बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही हेच लागू पडते. खरिपाचा कांदा टिकत नाही. रब्बीचा कांदा चाळीत काही महिने राहतो. पण तोही सडतो, वजनात घटतो. अशा शेतकऱ्याची संमती ही घड्याळाच्या काट्याने पिळून काढलेली संमती असते.

मग सगळा दोष मधल्या व्यापाऱ्याचा मानावा काय? हेही उत्तर सोपे म्हणूनच लोकप्रिय आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने कांद्यासाठी दिलेल्या रुपयातील सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. टोमॅटोच्या बाबतीत ३३ पैसे. उरलेला सर्व पैसा लूट असतो असे मात्र नाही. त्यात वाहतूक आहे, हमाली आहे, साठवण आहे, सडलेल्या मालाचा तोटा आहे. व्यापारी आपल्या घरसंसारासाठी आणि आपल्या श्रमांचा मोबदला म्हणून माफक नफा घेत असेल, तर त्यात संत थॉमस यांनाही वावगे दिसत नाही. अन्याय सुरू होतो तो शेतकऱ्याला दुसरा दरवाजा उरत नाही तेथे. म्हणून इलाजही दुसरा दरवाजा उघडण्याचाच हवा. १९४६ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आपला सहकारी संघ उभारला, त्यातून पुढे 'अमूल' आकारास आले आणि ग्राहकाच्या रुपयातील ८० पैशांच्या आसपास वाटा उत्पादकाच्या घरी पोहोचू लागला. दूध तर कांद्याहून नाशवंत! म्हणजे नाशवंतपणा हे दैव नाही; माणसांच्या संघटनेने त्यावर मात करता येते. आपल्याकडेही १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक बँक स्थापन झाली. रविवारच्या प्रवचनाने सावकाराचे मन वितळेल अशी वाट पाहत न बसता त्यांनी दुसरा दरवाजा बांधला. श्रद्धेचे हे व्यवहारी रूप आपण विसरता कामा नये.

आता या विषयातील सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळू. शेतकऱ्याला रास्त भाव द्यावा, हे तत्त्व म्हणून सर्वांना मान्य आहे. पण अन्न महागले तर गरिबाने खावे काय? भूमिहीन मजूर, शहरातील झोपडीत राहणारी घरकामाची बाई, रोजंदारीवर जगणारा बांधकाम कामगार यांच्या कमाईचा मोठा हिस्सा अन्नावरच खर्च होतो. इतकेच काय, अनेक लहान शेतकरीही वर्षातील काही महिने धान्य विकतच घेतात. भाव वाढवा म्हणणे म्हणजे यांच्या ताटातून काढून घेणे नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणारा कोणताही विचार ख्रिस्ती म्हणवून घेण्यास पात्र नाही. अत्यंत गरजेत सापडलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मालकीचे अन्न घेतले तर ती चोरी ठरत नाही, असे सांगण्याइतके संत थॉमस निर्भीड होते. चौथ्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला असता संत बाझील यांनी धनिकांना बजावले होते की, तुमच्या कोठारात पडून असलेली भाकर भुकेल्यांच्या मालकीची आहे.

परंतु येथे एक बारीक फसवणूक होते, ती आपण ओळखली पाहिजे. संत बाझील यांनी धनिकांना त्यांची स्वतःची कोठारे उघडायला सांगितली होती. शेजारच्या गरीब शेतकऱ्याचे कोठार उघडून त्यातून दान करा असे सांगितले नव्हते. आपण मात्र नेमके तेच करीत आलो आहोत. अन्न स्वस्त ठेवून गरिबांवर दया करायची आणि त्या दयेचा खर्च शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून घ्यायचा, ही आपली रीत झाली आहे. शिवाय कांदा महागला की गरिबाच्या नावाने बोलतो आपण, आणि भाव उतरल्यावर गरिबाबरोबर तोच स्वस्त कांदा पिशवीत भरतो आपणही. ज्याला पाच रुपये अधिक देणे सहज शक्य आहे त्याने भुकेल्याच्या आडोशाला उभे राहून शेतकऱ्याला कमी द्यावे, हे न्यायाला धरून नाही. दुसऱ्याच्या खिशातून केलेली दया ही दया नसते. १९८० साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली कांदा उत्पादक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांची मागणी भिकेची नव्हती, घामाच्या दामाची होती. ही मागणी आपल्या सामाजिक शिकवणुकीच्या फार जवळची आहे.

म्हणून आमच्या मते या प्रश्नाची दोन टोके वेगळी सोडविली पाहिजेत. पिकविणाऱ्याला त्याच्या श्रमाचे मोल मिळावे, हा न्याय आहे. ज्याला ते मोल देता येत नाही त्याचे ताट भरावे, हाही न्याय आहे. आणि या दोहोंमधील अंतर ज्यांना परवडते त्या सर्वांनी, म्हणजे समाजाने, आपल्या करांतून आणि आपल्या खरेदीतून भरून काढावे. २०१३ सालच्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे तत्त्व काही अंशी स्वीकारले आहे. त्या कायद्यान्वये पात्र व्यक्तीला दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत दिले जाते. सुमारे ८० कोटी माणसांना याचा आधार आहे. ज्या देशाने दुष्काळात माणसे मरताना पाहिली, त्या देशाने भूक हा दैवाचा नसून कायद्याचा विषय मानला, ही लहान गोष्ट नाही.

तरीही पोट भरणे आणि पोषण होणे यांत अंतर आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ३५ हून अधिक मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पोत्यातून मुख्यत्वे तांदूळ आणि गहू येतो. डाळ, भाजी, फळ, अंडे, दूध यांसाठी बाजाराकडेच पाहावे लागते. आधारभूत किमतीचे धोरणही असेच एकांगी चालले. ती किंमत वीस-बावीस पिकांसाठी जाहीर होते, पण तिचा खरा लाभ मोठ्या प्रमाणावर गहू आणि भात यांनाच मिळाला. कांदा आणि अन्य भाजीपाला तर त्या यादीतच नाही. डोंगराळ भागातील नाचणी-वरी मागे पडली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा ज्या धान्याला आपण गरिबाचे म्हणून हिणवले होते, ते श्रीमंतांच्या दुकानांत सुबक वेष्टनात मानाने बसले. ज्या आदिवासी घराने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्या घराच्या ताटात मात्र ते कमी झाले.

आणि साखर! नाताळच्या फराळाला तिच्यावाचून गोडी नाही. पण ती कोठून येते? मराठवाड्यातील बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीसाठी घरदार सोडून कारखान्यांच्या परिसरात पालांवर राहावयास जातात. नवरा-बायकोची जोडी तेथे दोन माणसे म्हणून मोजली जात नाही. ती मिळून एक 'कोयता' असते. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नसते आणि एक दिवस खाडा झाला तरी भुर्दंड बसतो. २०१९ साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया असाधारण प्रमाणात झाल्याचे उघडकीस आले आणि शासनाला चौकशी करावी लागली. खाडा परवडत नाही म्हणून स्त्रीने आपल्या शरीराचा एक भाग गमवावा, इतकी आपली साखर स्वस्त आहे. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे संत याकोब आपल्या पत्रात सांगतात. तो आक्रोश आपल्या कानी न पोहोचण्याचे कारण एवढेच की, आपण आणि ते शेत यांच्यामध्ये दुकानाचे गुळगुळीत वेष्टन येते.

याच उसाने महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातील पाण्याचा फार मोठा वाटा थोड्या क्षेत्रावर ओढून घेतला आहे. म्हणजे स्वस्त अन्नाचे देणे चुकविणाऱ्यांमध्ये माणसांबरोबर मातीही आहे आणि पाणीही. हे वसईकरांना वेगळे सांगायला नको. १९८०च्या दशकात विहिरींचे पाणी टँकरांतून विकले जाऊ लागले, भूगर्भातील गोडे पाणी उपसले गेले आणि समुद्राने हळूच आत पाऊल टाकले; कित्येक विहिरी खारट झाल्या आणि वाड्या सुकल्या. त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, तो झाडांच्या हौसेपोटी नव्हता. येथल्या माणसाच्या भाकरीसाठी होता. निर्गम ग्रंथातील मान्नाची गोष्ट येथे आठवते. ज्याने त्याने आपापल्या गरजेपुरते गोळा करावे अशी आज्ञा होती. ज्याने उद्यासाठी साठवून ठेवले त्याच्या मान्नात किडे पडले. लेवीय ग्रंथाने तर दर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा दिला आहे. जमीन ही आपली मालमत्ता असण्यापूर्वी परमेश्वराची आहे आणि आपण तिच्यावर उतरलेले पाहुणे आहोत, हा त्यामागचा विचार आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हाच धागा पुढे नेला. जगातील बहुसंख्य लोकांना अन्न पुरविणाऱ्या लहान शेतकऱ्यांच्या विविध पद्धती जपल्या पाहिजेत, आणि फेकून दिलेले अन्न हे जणू गरिबाच्या ताटातून चोरलेले असते, असे त्यांनी निक्षून सांगितले.

या सर्व विवेचनानंतर वाचक विचारतील, "आम्ही चार माणसांच्या कुटुंबाने करायचे तरी काय?" एका कुटुंबाच्या खरेदीने बाजार पालटत नाही, हे मान्य केले पाहिजे. साठवणुकीची सोय, ऊसतोड मजुरांना कायद्याचे संरक्षण, डाळी व भाजीपाल्यालाही भावाचा आधार, पाण्याचे न्याय्य वाटप ही कामे शासनाची आहेत आणि ती त्याच्याकडून करवून घेणे हे मतदार म्हणून आपले कर्तव्य आहे. पण पुढच्या वेळी कांदा महागला की कोणत्या बाजूने ओरड करायची, हे तर आपल्या हाती आहे! आपल्या धर्मग्रामात अजूनही काही वाड्या हिरव्या आहेत. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्या शेतकऱ्यांना आठवड्यातून एकदा बसण्यास जागा देता येईल. सणासमारंभाच्या पंगतीत नाचणीला, स्थानिक भाजीला स्थान देता येईल. आणि लग्नाच्या मांडवात उरलेल्या अन्नाचे काय करायचे, हे मांडव घालण्यापूर्वीच ठरविता येईल; कारण पाच हजारांना जेवू घातल्यानंतर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या. चमत्कार करणाऱ्यालाही तुकड्यांची किंमत होती.

करिंथ येथील ख्रिस्ती मंडळी प्रभुभोजनासाठी एकत्र जमत; पण त्यांच्यातील सुखवस्तू लोक आपापले जेवण आधीच उरकून घेत आणि गरीब बांधव उपाशी राहत. संत पौल यांनी त्यांना स्पष्ट शब्दांत लिहिले की, अशा भोजनाला प्रभूचे भोजन म्हणताच येत नाही. तेथे भाकर होती, द्राक्षारस होता, प्रार्थनाही होती. एकच गोष्ट नव्हती, आणि तीवाचून बाकीचे सर्व निरर्थक ठरले. मिस्साच्या वेळी आपण वेदीवर जी भाकर अर्पण करतो तिला आपण जमिनीचे देणे आणि माणसाच्या हातांचे कष्ट म्हणतो. ते हात कोणाचे, आणि त्या हातांना त्या दिवशी जेवण मिळाले होते काय, हे विचारण्याचा अधिकार त्या वेदीनेच आपल्याला दिला आहे.